गाढवापुढची बशी

सालविनानं झॅकचं मनगट धरलं आणि त्याच्या हातातला पेला सरळ केला.

“थेंब थेंब घाल. त्यांना पोहायला शिकवायचं नाहीये.”

“मिस, दाणे तरंगायला लागले.”

“तेच म्हणतेय मी.”

पाणी टेबलाच्या कडेवरून तिच्या बुटावर गळत होतं. तिनं कापसाची गादी दोन बोटांनी दाबली, जास्तीचं पाणी बादलीत निथळवलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. तिसरीच्या वर्गात सगळीकडे कापूस झाला होता. कापूस बाकांवर होता, वेण्यांत होता आणि भिंतीवरच्या माल्टाच्या नकाशालाही चिकटला होता, त्यामुळे झेब्बुज गावावर बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे जुल्बीना पेरायचा आठवडा. मुगाएवढे काळपट दाणे ओल्या कापसावर पसरायचे आणि बशी अंधारात ठेवून द्यायची. उजेड लागला नाही तर तीन आठवड्यांत केसांसारखे लांब, पांढरेफटक कोंब बशीबाहेर लोंबायला लागतात आणि नाताळच्या गोठ्यात बाळ येशूभोवती ते मांडतात. उजेड लागला तर कोंब हिरवे होतात, आणि हिरव्याला बाळापाशी जागा नसते. का नसते, हे सालविनानं लहानपणी आईला विचारलं होतं. “नसते म्हणून नसते,” असं आईनं सांगितलं होतं, आणि पुढे शिक्षिका होऊनही तिला यापेक्षा बरं उत्तर सापडलं नव्हतं.

दर शुक्रवारी तिला पालकांसाठी एक पान लिहावं लागे, ‘या आठवड्यात आपण काय शिकलो’. मागच्या आठवड्यात संत्री तोलली होती, त्याआधी बटणं मांडून वजाबाकी केली होती. या आठवड्यात उजेड आणि अंधार.

“आता टोपी,” चेत्तीना म्हणाली. चेत्तीना वर्गातली मदतनीस होती. तीस वर्षं याच शाळेत मुलांची नाकं पुसत आलेली, आणि बोलायला लागली की समोरच्यालाही नाक पुसावंसं वाटे. तिनं आपली लोकरीची टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली. टोपीत एकवीस चिठ्ठ्या होत्या. ज्याचं नाव निघेल त्याची बशी बाळाच्या उशाशी. बाकीच्यांच्या बशा मेंढपाळांत, मेंढरांत, पुलावर, जिथे जागा मिळेल तिथे.

“मिस, मागच्या वर्षी माझ्या भावाची निघाली होती,” डेबोरा म्हणाली. डेबोराचा हात नेहमी सगळ्यांच्या आधी वर असे.

“मग आता तुमच्या घराण्याला विश्रांती,” चेत्तीना म्हणाली आणि टोपीत हात घातला. तिनं चिठ्ठी लांब धरून, मग जवळ धरून वाचली. “मिरेया.”

तिसऱ्या रांगेतली एक बारीक मुलगी लाल लाल झाली. ती याच वर्षी शाळेत आली होती आणि अजून मधल्या सुट्टीत पाव खायला कोणाशेजारी बसायचं ते तिचं ठरलेलं नव्हतं.

“माझी आई बघायला येईल,” ती म्हणाली. सगळ्या वर्गाला म्हणाली, पण जणू स्वतःलाच बजावून सांगत होती. “ती सुट्टी मागेल. तिला सुट्टी देत नाहीत, पण ती मागेल.”

सालविनानं मान हलवली आणि तिच्या शेजारच्या मुलाकडे बघून हसली. सप्टेंबरपासून ही एक गोष्ट तिनं नीट शिकून घेतली होती. मिरेयाकडे बघावंसं वाटलं की आधी शेजारच्याकडे बघायचं. शेजारचा ओवेन बिचारा या वर्षी स्वतःला मिसचा फार लाडका समजत होता.

*

सप्टेंबरात मुख्याध्यापिका सिस्टर बर्नार्दांच्या खोलीत तिघी जणी बसल्या होत्या. ग्राझिएला, म्हणजे मिरेयाची आई, खुर्चीच्या अगदी कडेवर होती. ती स्लीमाच्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करायची. हात कोपरापर्यंत लाल, नखं स्वच्छ, केस ओढून बांधलेले. तीन-चार वर्षांपूर्वी सालविनानं तिला पाहिलं होतं तेव्हा तिचे हात थरथरायचे. त्या दिवसांबद्दल त्या खोलीत कोणी चकार शब्द काढला नाही. गरजही नव्हती. त्याच दिवसांत मिरेया सांभाळायला म्हणून सालविनाच्या घरी होती, दोन वर्षांची झाल्यापासून जवळजवळ चार वर्षांची होईपर्यंत. मग ग्राझिएला सावरली, न्यायालयानं कागद दिला आणि एका मंगळवारी सकाळी समाजकार्य खात्याची बाई मुलीला, तिच्या कपड्यांच्या पिशवीला आणि फोटोंच्या खोक्याला घेऊन गेली. खोकं ज्याची मुलगी त्याचं, असा नियम होता. नियम बरोबरच होता.

आणि आता शाळेच्या प्रवेशाच्या चिठ्ठ्यांत मिरेयाचं नाव निघालं होतं, तिसरीची एकच तुकडी होती आणि तिसरी सालविनाकडे होती.

“तिला काही आठवत नाही,” ग्राझिएला म्हणाली. “मी विचारून विचारून बघितलंय. मी तिला सांगितलंय, आपण दोघी कायम एकत्रच होतो. खोटं आहे, मला कळतं. एक दिवस खरं सांगणार आहे. पण माझ्या तोंडून, मिस सालविना. आणि माझ्या वेळेला.”

“माझ्याकडून तिला काही कळणार नाही.”

“शब्दानंसुद्धा.”

“शब्दानंसुद्धा.”

सिस्टर बर्नार्दांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जमेल ना, सालविना? मन घट्ट होत नसेल तर आत्ताच सांग. दुसऱ्या कुठल्या गावातली शाळा बघता येईल तिच्यासाठी.”

“जमेल.”

“विचार करून बोल.”

“विचार करून बोलले तर जमणार नाही, सिस्टर.”

मग खरंच जमलं. एकवीस मुलं असली की बऱ्याच गोष्टी जमतात. मिरेया तिला ‘मिस’ म्हणायची, वही दाखवायची, चूक झाली की ओठ आत ओढायची. पावाची कड ती अजूनही सगळ्यात शेवटी खायची. पण पावाची कड अर्धं जग शेवटी खातं, त्यावरून काही धरून चालत नाही, हे सालविना रोज मधल्या सुट्टीत स्वतःला समजावून सांगे. तिला मुलगी परत नको होती. म्हणजे हवी होती, पण ते जाऊ दे. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती जवळजवळ दोन वर्षं त्या मुलीत कुठेतरी उरलीत का, की पाटी पुसावी तशी पुसली गेली. विचारायची सोय नव्हती. कोणालाच.

*

बशा ठेवल्या होत्या मागच्या भिंतीच्या कपाटात. पूर्वी त्यात धर्मगुरूंचे झगे टांगत. अजून कापराचा वास होता. कडी उंच होती आणि किल्ली सालविनाच्या गळ्यातल्या दोरीत. चौथ्या दिवशी पाणी घालायची वेळ आली तेव्हा सगळा वर्ग कपाटापुढे गोळा झाला.

“एक नजर टाकायची आणि बस,” तिनं बजावलं. “मी पाणी शिंपडेन, दार लावेन. ढकलाढकली केली तर पुढच्या वेळी चेत्तीना एकटी येईल.”

“आणि मी काही दाखवणार नाही,” चेत्तीना म्हणाली.

सालविनानं दार उघडलं. वीस माना पुढे झाल्या. “फुटले! मिस, माझे फुटले!” “तुझे कुठे, ते माझे.” “कसले वळवळताहेत, अळ्यांसारखे.” ती पहिल्या फळीवर पाणी शिंपडायला वाकली आणि वाकताना तिची नजर मुलांच्या चेहऱ्यांवरून गेली.

मिरेयानं डोळे मिटले होते.

नुसते मिटले नव्हते. गच्च आवळले होते, नाक वर चढवून, दोन्ही मुठी हनुवटीखाली धरून.

सिज्जीएवी गावातल्या सालविनाच्या घरात जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथे सालविना दरवर्षी जुल्बीना ठेवायची. पहिल्याच डिसेंबरात ती अडीच वर्षांची पोर त्या दारापुढे भोकाड पसरून बसायची, उघड म्हणून. एक दिवस कंटाळून सालविना म्हणाली होती, “बरं, उघडते. पण डोळे मीट. उजेड तुझ्या डोळ्यांतून आत जातो.” गंमत म्हणून म्हणाली होती. पोरीनं ते वेदवाक्य मानलं. मुठी हनुवटीखाली, नाक वर. दार उघडायचं, सालविना पाणी घालायची, बशी पुढे घ्यायची, तिच्यावर हाताची सावली धरायची आणि मग म्हणायची, “झालं.” त्या शब्दाशिवाय ती डोळे उघडायची नाही. एकदा फोन वाजला म्हणून सालविना बाहेर गेली आणि बोलत बसली. परत आली तर पोर तशीच उभी, डोळे मिटून.

आत्ता तो शब्द तिच्या जिभेवर आला. तोंडही उघडलं गेलं होतं.

शब्दानंसुद्धा.

तिनं तो गिळला. हातातला शिंपडायचा डबा कलला आणि पाणी जुन्या फळीवर सांडलं.

“आता कोण पोहायला शिकवतंय?” झॅक म्हणाला. सगळे हसले. सालविनाही हसली आणि दार लावलं. कडी वाजली तसे मिरेयानं डोळे उघडले आणि ती इतर मुलांबरोबर जागेवर जाऊन बसली.

*

त्या दिवसापासून सालविनाला घरी जायला उशीर होऊ लागला. अडीच वाजता मुलं जायची, तीनपर्यंत चेत्तीना झाडून-आवरून जायची, आणि मग पश्चिमेच्या खिडकीतून हिवाळ्याचं ऊन तिरकं वर्गात यायचं. ती वह्या तपासायची. चार-पाच वह्या झाल्या की उठायची, किल्ली काढायची, कपाट उघडायची आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसायची.

मिरेयाची बशी पहिल्या फळीवर पुढेच होती. कडेला कागदाची पट्टी, पट्टीवर तिच्या हातचं नाव, शेवटचं अक्षर जागा न उरल्यानं खाली वळलेलं. सालविना ती बशी मांडीवर घेई. काही करायची नाही. कोंबांवरून तळहात फिरवी, हलका, लागेल न लागेलसा. बाळाच्या जावळावरून फिरवावा तसा. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. एका दिवशी तर ऊन खिडकीतून सरकून समोरच्या चर्चच्या घुमटावर गेलं तेव्हा तिला भान आलं.

वीस वर्षं ती मुलांना शिकवत आली होती की बघावंसं वाटलं तरी बघायचं नाही, एवढाच या सगळ्याचा धडा आहे.

*

“कोणी हात लावलाय कपाटाला?”

गोठा मांडायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, चेत्तीनानं पहिली फळी बाहेर ओढली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. वीस बशांतून पांढरे कोंब म्हाताऱ्याच्या दाढीसारखे लोंबत होते. एका बशीतले मात्र खिडकीच्या बाजूला कललेले होते आणि पोपटी झाले होते. पुढच्या बाजूचे तर चांगलेच हिरवे.

पट्टीवर नाव होतं मिरेया.

सगळेच एकदम बोलायला लागले.

“तिनंच उघडलं असेल,” डेबोरा म्हणाली. “तिची चिठ्ठी निघाली होती ना. तिला राहवलं नसेल.”

“किल्ली कुठे आहे तिच्याकडे?” झॅक म्हणाला.

“खुर्चीवर चढून. पट्टीनं कडी वर करता येते. मला माहितीये.”

“तुला बरं माहितीये!” चेत्तीना म्हणाली. “मिरेया, इकडे ये बाळ. उघडलंस का तू? उघडलं असशील तर सांगून टाक, कोणी खाणार नाही तुला.”

मिरेया जागेवरच उभी राहिली. तिचे ओठ आत ओढले गेले होते.

“मी नाही उघडलं.”

“मग हिरवी तुझीच कशी?”

“मला माहीत नाही. मी ती अजून पाहिलीच नाही.”

“पाहिलीच नाही? तीनदा पाणी घातलं, सगळे डोकावत होते.”

“मी डोळे मिटले होते.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण ओवेन म्हणाला, “खरंच मिटते, मिस. मी शेजारी असतो ना. मला वाटलं प्रार्थना करते.”

“का गं मिटतेस?” चेत्तीनानं विचारलं.

मिरेयानं तिच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. “डोळे उघडे ठेवले की उजेड आत जातो.”

“हे शहाणपण कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. असंच असतं.”

सालविना फळ्याकडे तोंड करून उभी होती. फळा कोरा होता. तरी तिनं डस्टर घेतलं आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पुसत नेलं. मग ते जागेवर ठेवलं आणि वळली.

“तिनं नाही उघडलं. मी उघडलं.”

एकवीस तोंडं उघडी राहिली. बाविसावं चेत्तीनाचं.

“तुम्ही, मिस?”

“हो. तुम्ही घरी गेल्यावर. रोज.”

“पण का?” डेबोरानं विचारलं. पहिल्यांदाच हात वर न करता.

“बघावंसं वाटायचं.”

“आम्हालाही वाटायचं!” झॅक ओरडला. त्याच्या आवाजात एवढा खरा संताप होता, की तिला त्याची क्षमा मागावीशी वाटली. “आम्ही नाही उघडलं! तुम्ही म्हणाला होतात, बघावंसं वाटलं तरी नाही बघायचं!”

“म्हणाले होते. मला नाही जमलं. तुम्हाला जमलं. म्हणून चूक माझी आणि शाबासकी तुमची.” ती मिरेयाच्या बाकापाशी गेली. आज शेजारच्याकडे न बघता. “तुझी बशी मी खराब केली. तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ कर.”

मिरेयानं विचार केला. तिला विचार करायला वेळ लागायचा, आधीपासूनच.

“आता ती बाळापाशी नाही ठेवणार?”

“हिरवी नाही ठेवत गं,” चेत्तीना म्हणाली. नेहमीपेक्षा हळू.

“पण माझी आई येणार आहे. तिला सुट्टी मिळालीये. अर्धा दिवस.”

 मग झॅक, ज्याचा संताप आला तसाच कुठेतरी निघून गेला होता, म्हणाला, “मिस, गाढव काय खातं?”

“म्हणजे?”

“गोठ्यात गाढव आहे ना. आणि बैल. त्यांच्यापुढे काहीच नसतं. दरवर्षी उपाशी. पांढरं गवत कोण खातं? हिरवंच खातात. आणि गाढव तर बाळाच्या अगदी जवळ असतं. नाक लागतं त्याचं.”

मुलांनी हा प्रस्ताव सगळ्या बाजूंनी तपासला. बैलाला मिळणार नाही म्हणून ओवेननं थोडी हरकत घेतली. शेवटी मिरेयानं विचारलं, “गाढव खरंच सगळ्यात जवळ असतं?”

“वीतभर,” सालविना म्हणाली.

“मग चालेल.”

“आणि मिसना शिक्षा!” डेबोरा म्हणाली. यावर मात्र कोणाचंच दुमत नव्हतं. खजुराच्या तळलेल्या वड्या, एकवीस जणांना, प्रत्येकी दोन. चेत्तीना म्हणाली, तिला तीन.

मुलं गेल्यावर चेत्तीना झाडू घेऊन बराच वेळ एकाच बाकाखाली झाडत राहिली.

“वीस बशा जशाच्या तशा,” ती खाली बघून म्हणाली. “एकच तेवढी बाहेर काढून बसायचीस गं?”

सालविना वह्या पिशवीत भरत होती. “पुढेच होती ती.”

“हं. पुढेच होती.” चेत्तीनानं केर सुपलीत घेतला. “मी काही विचारत नाहीये. माझ्या वड्या तेवढ्या करपवू नकोस.”

*

शुक्रवारी दुपारी बारा वाजता शाळेच्या सभागृहात आईबापांची गर्दी झाली. गोठ्यापुढे निळा पडदा होता आणि पडद्याची दोरी सिस्टर बर्नार्दांच्या हातात. तिसरीची मुलं पुढे मांडी घालून बसली होती. सालविना बाजूला, शुक्रवारच्या पानासाठी फोटो काढायला फोन घेऊन.

“नाव निघालं होतं ना तिचं? बाळाच्या उशाशी?”

ग्राझिएला तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. अंगावर कोट, कोटाखाली कामाचा निळा झगा तसाच. तिच्यातून कडक इस्त्रीचा वास येत होता.

“निघालं होतं. आता बशी गाढवापुढे आहे,” सालविना म्हणाली. “ती हिरवी झाली. माझ्यामुळे. शाळा सुटल्यावर मी कपाट उघडून बसायचे. तिची बशी घेऊन.” ती थांबली. “तिला मी काही बोलले नाही. शब्दानंसुद्धा नाही. पण बसायचे.”

ग्राझिएला पडद्याकडे बघत राहिली. 

सिस्टरनी दोरी ओढली. पडदा सरकला. कापसाचे डोंगर, मातीचे मेंढपाळ, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि मधोमध मेणाचं बाळ, सगळीकडून पांढऱ्या कोंबांनी वेढलेलं. आणि गाढवाच्या नाकाखाली एक हिरवागार झुबका. “आहाहा,” असं सगळ्यांच्याच तोंडून निघालं. सालविनानं फोन उचलून फोटो काढला.

वीस चेहरे उजळलेले. एकाचे डोळे गच्च मिटलेले, नाक वर, मुठी हनुवटीखाली.

“परत काढ,” चेत्तीना मागून म्हणाली. “मिरेयाचे डोळे मिटलेत.”

“राहू दे,” ग्राझिएला म्हणाली.

चेत्तीनानं दोघींकडे बघितलं आणि तिला एकाएकी कुठल्याशा मुलाचं नाक पुसायला जावं लागलं.

“घरी फ्रिज उघडताना अशीच करते,” ग्राझिएला हळू म्हणाली. “आमच्याकडे आली त्या पहिल्या आठवड्यापासून. डोळे मिटून दूध काढते. दोनदा अंडी फोडली. मला कळलं, हे माझ्याकडचं नाही.” तिनं कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मी थांबवलं नाही कधी. एवढं मात्र केलं.”

 सालविनानं फोन झग्याच्या खिशात टाकला.

“पण ती मला विचारते,” ग्राझिएला म्हणाली. “डोळे मिटून उभी राहते आणि विचारते, झालं का? मी म्हणते, काय झालं का? मग ती थोडी रुसते आणि आपली आपणच उघडते. मला कळत नाही मी काय म्हणायचं असतं ते.”

समोर बाकीची मुलं उठून गोठ्याभोवती गोळा झाली होती, आपापली बशी बोटानं दाखवत. मिरेया एकटी मांडी घालून बसली होती, डोळे मिटलेले, थांबलेली.

जिभेवर तो शब्द अगदी टोकाशी होता. चार पावलं पुढे जायचं आणि वाकायचं, इतकंच होतं.

“काही नाही,” सालविना म्हणाली. “नुसतं ‘झालं’ म्हणायचं. जवळ जाऊन. खांद्यावर हात ठेवला तर बरं, म्हणजे ती दचकत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ग्राझिएला गेली. कोट सावरत मुलांमधून वाट काढत ती मुलीपाशी पोचली, गुडघ्यावर बसली आणि तिनं आपला लाल हात तिच्या खांद्यावर ठेवला. ओठ हलले. एवढ्या गोंगाटात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं.

मिरेयानं डोळे उघडले.

सालविनानं वड्यांचा डबा उघडला आणि मोजायला लागली. प्रत्येकी दोन, चेत्तीनाला तीन. कुठेतरी चुकलं म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.